मणिकर्णिकेसमोरचे पुसलेले अभयारण्य

गंगेच्या ज्या सात किलोमीटर पात्राला १९८९ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले, ते २०२० मध्ये काढून घेण्यात आले. घाटांवरील बांधकामांची चर्चा दगड आणि मूर्तींपुरतीच का राहते, याचे उत्तर या निर्णयात आहे.

जानेवारी २०२६ मध्ये काशीच्या मणिकर्णिका घाटावर पुनर्विकासाचे काम सुरू असताना जुन्या बांधकामाचा काही भाग पाडण्यात आला. अहिल्याबाई होळकरांशी निगडित मूर्ती आणि शिल्पे त्यात भंगल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा इंदूरपासून महाराष्ट्रापर्यंत संतापाची लाट उसळली. मूर्ती सुरक्षित आहेत आणि काम पूर्ण होताच त्या पुन्हा बसवल्या जातील, असे प्रशासनाने सांगितले. समाजमाध्यमांवरील काही चित्रफिती बनावट असल्याचा दावा झाला, गुन्हेही दाखल झाले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मीही त्या दिवसांत अस्वस्थ होतो. बाजीराव पेशव्यांच्या काळात या घाटाला दगडी रूप येऊ लागले आणि १७९१ मध्ये अहिल्याबाईंनी त्याचा जीर्णोद्धार केला. मराठी माणसाला त्या पायऱ्यांविषयी वाटणारी आपुलकी पोकळ अभिमानातून आलेली नाही.

तरीही त्या सगळ्या वादात एक गोष्ट मला खटकत राहिली. दगडाचे काय झाले, हे सर्वांनी विचारले. त्या दगडापुढून वाहणाऱ्या पाण्याचे आणि त्यातल्या जिवांचे काय होणार, हे कोणी विचारले नाही. प्रशासनाने त्याविषयी काही सांगितले नाही आणि विरोधकांनीही तो मुद्दा मांडला नाही. तो सुचला नाही याला कारण आहे. मणिकर्णिकेच्या पायरीवर उभे राहून समोर पाहिले असता जे पात्र दिसते, ते सहा वर्षांपूर्वीपर्यंत कायद्याने घोषित वन्यजीव अभयारण्य होते. आज ते नाही. एखाद्या प्रदेशाला संरक्षण असते, तेव्हा तिथे काम करू इच्छिणाऱ्याला काही प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. संरक्षण काढून घेतले की ते प्रश्न विचारण्याचे कोणावर बंधन राहत नाही.

कासवांना दिलेली नोकरी

हे अभयारण्य कसे जन्माला आले, ते आधी पाहू. १४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीतच गंगा कृती आराखड्याचा प्रारंभ केला. सांडपाणी अडवणे, त्यावर प्रक्रिया करणे, विद्युतदाहिन्या उभारणे अशी कामे त्यात होती. हरिश्चंद्र घाटावरची विद्युतदाहिनी त्याच काळातली. अर्धवट जळलेल्या आणि प्रवाहात सोडलेल्या मृतदेहांचा प्रश्न मात्र यंत्रांनी सुटणारा नव्हता. त्यासाठी नदीतल्याच एका जुन्या रहिवाशाची मदत घेण्याचे ठरले. गंगेतली मऊ पाठीची मांसाहारी कासवे मृत मांस खातात. चंबळच्या वाळूतून अंडी आणायची, सारनाथच्या केंद्रात ती उबवायची, पिल्ले वाढवायची आणि गंगेत सोडायची, अशी योजना आखली गेली. सोडलेली कासवे सुरक्षित राहावीत म्हणून १९८९ मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सुमारे सात किलोमीटरचे पात्र कच्छप अभयारण्य म्हणून घोषित झाले. गोड्या पाण्यातील कासवांसाठीचे देशातले ते पहिलेच अभयारण्य. अस्सी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा असे काशीचे सगळे प्रमुख घाट या पट्ट्याच्या काठावर येतात.

योजना कल्पक होती. पण तिच्या मुळाशी एक उणीव होती. कासवाला संरक्षण मिळाले ते नदीच्या जीवसृष्टीचा घटक म्हणून नव्हे, सफाई कामगार म्हणून. माझ्या सेवेत मी अनेक पदे निर्माण होताना आणि रद्द होताना पाहिली. ज्या पदाचे समर्थन केवळ एका कामाच्या आधारावर केलेले असते, ते काम होत नसल्याचा शेरा नस्तीवर पडला की पद टिकत नाही. काशीच्या कासवांचे तेच झाले. सोडलेल्या हजारो पिल्लांपैकी किती जगली, याची सलग, विश्वासार्ह मोजणी लोकांसमोर आली नाही आणि अभयारण्याचा उपयोग काय, हा प्रश्न हळूहळू बळावत गेला.

अडचण कोणाची होती?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यात वन्यजीवांचा अधिवास नष्ट करता येत नाही, तसेच पाण्याचा प्रवाह वळवणे, थांबवणे वा वाढवणे यांनाही परवानगीशिवाय मनाई आहे. याचा अर्थ या सात किलोमीटरमध्ये वाळूउपसा नाही, यंत्रांनी गाळ काढणे नाही, पात्रात नवे बांधकाम नाही. अनेक वर्षे याचा कोणाला फारसा जाच झाला नाही. पुढे राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ चे काम वेगाने सुरू झाले. हल्दियाहून वाराणसीपर्यंत मालवाहू जहाजे आणायची होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये रामनगरजवळच्या बहुविध वाहतूक टर्मिनलचे उद्घाटन झाले. जहाजांना हवी तेवढी खोली टिकवायची तर गाळ काढावा लागतो. त्यामुळे अभयारण्याची रेषा योजनेच्या आड येऊ लागली.

अभयारण्य रद्द करण्याच्या बाजूने मांडला गेलेला मुख्य युक्तिवाद मात्र जलमार्गाचा नव्हता, घाटांच्या रक्षणाचा होता. वाळूउपशावर बंदी असल्याने पूर्वेच्या काठावर वाळूचे ढीग वाढत गेले, त्यामुळे प्रवाह पश्चिमेकडे रेटला जातो आणि घाटांचे पाये पोखरले जातात, असे म्हटले गेले. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. काशीला गंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खोल आणि वेगवान असते, आतल्या काठाला वाळू साचते. बाहेरच्या काठावर घाट आहेत, आतल्या काठावर वाळवंट. पण हे वळण १९८९ मध्ये तयार झाले नाही. वाळू साचण्याचे मोठे कारण पाण्याच्या कमतरतेत आहे. १८५४ मध्ये हरिद्वारहून गंगा कालवा निघाला, १८७८ मध्ये नरोऱ्याहून दुसरा. त्यानंतर धरणे आणि उपसा वाढतच गेला. कोरड्या ऋतूत नदीत पाणीच कमी असेल, तर ती आपली वाळू पुढे वाहून कशी नेणार? त्याचा दोष कासवांच्या अभयारण्याला देणे म्हणजे घरात पाणी येत नाही म्हणून माठ फोडण्यासारखे आहे.

तथापि २०२० मध्ये अभयारण्याची अधिसूचना रद्द झाली. त्याच सुमारास प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही जिल्ह्यांतील गंगेच्या सुमारे ३० किलोमीटर पट्ट्याला कच्छप अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. सात गेले आणि तीस आले, असा हिशेब मांडता येईल, आणि नव्या पट्ट्यात कासवांना खरोखरच अधिक शांतता मिळत असेल तर मला आनंदच आहे. पण काशीसमोरच्या पात्रात जे जीव राहिले त्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या बेरीज-वजाबाकीत नाही.

रेषा पुसल्यानंतर

पुढच्या घटना क्रमाने पाहाव्यात. २०२१ मध्ये घाटांसमोरच्या वाळवंटात पाच किलोमीटरहून अधिक लांबीचा कालवा खोदण्यात आला. घाटांवरचा प्रवाहाचा दाब कमी व्हावा, हा त्याचा घोषित हेतू. सुमारे १२ कोटी रुपयांचे हे काम होते. नदी-अभियांत्रिकीच्या जाणकारांनी हा प्रयोग टिकणार नाही, असे आधीच बजावले होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गंगेला पूर आला आणि कालवा वाळूने भरून गेला. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. मंदिरापासून नदीपर्यंतची दाट वस्ती हटवून हा मार्ग मोकळा करण्यात आला होता. या कामात ललिता घाटाजवळ पात्रात पुढे आलेल्या चबुतऱ्याविषयी शंका उपस्थित झाल्या होत्या. जानेवारी २०२३ मध्ये पैलतीरावरील वाळूत पर्यटकांसाठी तंबूंची वसाहत उभी राहिली. तेही प्रकरण लवादापर्यंत पोहोचले, तिथे परवानग्यांचा प्रश्न निघाला आणि गंगेच्या पात्रात अशी वसाहत उभारण्याला लवादाने आक्षेप घेतला. ७ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांच्या पुनर्विकासाची कोनशिला बसली.

या प्रत्येक कामामागे काही ना काही रास्त गरज असू शकते, हे मी मान्य करतो. मणिकर्णिकेचे तर नक्कीच. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी सुमारे ७१.२६ मीटर आहे आणि १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरवर गेले होते. पाणी चढले की घाटाच्या पायऱ्या बुडतात, चिता गच्चीवर रचाव्या लागतात, लाकडाने भरलेल्या नावा गल्ल्यांच्या तोंडाशी येतात आणि आप्तांना प्रेत घेऊन तासन्‌तास ताटकळावे लागते. धूर, राख, ओले लाकूड आणि चेंगराचेंगरी यांत पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या डोम समाजाच्या माणसांना बरी जागा मिळायला हवी. ज्याने आपल्या माणसाला तिथे पोहोचवले आहे, तो या सुधारणेला विरोध करणार नाही. माझ्या वडिलांच्या अस्थी घेऊन मी तिथे गेलो होतो. उंच चौथरा आणि धूर वर नेणारी चिमणी यांची गरज मला कोणी पटवून द्यायला नको.

प्रश्न वेगळा आहे. कालवा, चबुतरा, तंबू, गाळउपसा, चौथरा हे पाच वेगवेगळे प्रकल्प आहेत. त्यांचे विभाग निराळे, कंत्राटे निराळी, नस्त्या निराळ्या. नदी मात्र एकच आहे. तिच्यावर या सगळ्यांचा मिळून जो भार पडतो, तो मोजण्याची जबाबदारी कोणाची? अभयारण्य असते तर या पट्ट्यातील प्रत्येक काम एकाच दारातून गेले असते. ते दार कितीही अरुंद आणि संथ असो, एका ठिकाणी सगळ्यांची नोंद झाली असती.

कायदा उरला आहे, नजर उरली नाही

संरक्षण गेले म्हणजे कायदाच उरला नाही, असे नाही. ७ ऑक्टोबर २०१६ च्या गंगा प्राधिकरण आदेशानुसार गंगेच्या पात्रात, काठावर आणि सक्रिय पूरक्षेत्रात कायम वा तात्पुरते बांधकाम करण्यास मनाई आहे. नैसर्गिक आपत्ती किंवा परंपरागत धार्मिक सोहळे यांसाठी तात्पुरत्या बांधकामाचा अपवाद आहे आणि त्यालाही परवानगी लागते. नवा घाट बांधणे, असलेला घाट वाढवणे, धक्का उभारणे, प्रवाहात फेरफार करणे यांसाठी राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियानाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. बांधकामाच्या राडारोड्याविषयी २०१६ चे स्वतंत्र नियम झाले. गंगेतला डॉल्फिन २००९ पासून राष्ट्रीय जलचर आहे आणि त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशातील नद्यांत ६,३२७ डॉल्फिन आढळले, त्यांपैकी २,३९७ उत्तर प्रदेशात. तेव्हा कागदावर उणीव नाही.

उणीव कुठे आहे, ते मी माझ्याच अनुभवातून सांगतो. माझी बहुतेक नोकरी महाराष्ट्रात झाली. जिल्ह्याचा कारभार पाहत असताना सह्याद्रीतील एका अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणाची नस्ती माझ्याकडे आली होती. परवानगीत अटी नेटक्या होत्या. खोदलेली माती आणि दगड अभयारण्याबाहेर नेऊन टाकावेत, पावसाळ्यात काम करू नये, ओढ्याला हात लावू नये. अटींचे पालन झाल्याचा दाखला जोडलेला होता. मी त्यावर सही केली. पहिल्या पावसानंतर त्या भागात गेलो, तेव्हा रस्त्याखालचा ओढा दगड-मातीने भरलेला होता आणि खालच्या पाड्यावरच्या बायका गढूळ पाणी फडक्याने गाळून घेत होत्या. दाखला खोटा होता, पण तो पडताळण्यासाठी मी कोणाला पाठवले नव्हते. तो दोष माझा होता. परवानगी देताना आपण महिनोन्‌महिने घालवतो आणि काम सुरू झाल्यावर त्याकडे पाहायला एक माणूसही ठेवत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

काशीच्या घाटांवर ही चूक अधिक महागात पडेल, कारण तिथला काठ मूळचाच नाजूक आहे. मणिकर्णिकेला लागून असलेला शिंदे घाट हे त्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो भव्य प्रमाणात बांधायला घेतला. दगडांचा भार काठाच्या मातीला पेलला नाही, घाट खचला आणि विसाव्या शतकात त्याची फेरउभारणी करावी लागली. शेजारचे रत्नेश्वराचे मंदिर आजही कललेल्या अवस्थेत उभे आहे. पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. माझ्या मते ते मंदिर म्हणजे नदीकाठी अवजड बांधकाम करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने आधी वाचावा असा अहवाल आहे. बायजाबाईंकडे मृदापरीक्षणाची साधने नव्हती. आपल्याकडे आहेत. त्या परीक्षणाचे निष्कर्ष लोकांना वाचायला मिळावेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

दोन मराठी धडे

संरक्षित क्षेत्राच्या सीमा कधीच बदलू नयेत, असे माझे म्हणणे नाही. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळे आले होते. लोकांना घर बांधायचे तरी अडचण होत होती. अभ्यास आणि न्यायालयीन प्रक्रियेनंतर ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. ते आवश्यकच होते. पण क्षेत्र कमी करताना उरलेल्या माळरानाची काळजी वाढायला हवी होती, ती पुरेशी वाढली नाही. आज नान्नजला माळढोक अपवादानेच दिसतो. सीमा आखडती घेतल्याने माणसांचा त्रास कमी झाला, पक्षी मात्र वाचला नाही. सीमा बदलण्याचा निर्णय आणि जिवांच्या रक्षणाचा निर्णय हे दोन निराळे निर्णय आहेत आणि पहिला घेतल्याने दुसरा आपोआप होत नाही, हा त्यातला धडा.

दुसरा धडा आशेचा आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील जंगल कापत जातो. चौपदरीकरणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गाजला. रस्ता हवा की वाघ, असा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर रस्ता झाला, पण महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी मोकळ्या जागा सोडून तो उंचावर बांधण्यात आला. त्यांतली सर्वांत लांब जागा ७५० मीटरची आहे. महत्त्वाचे हे की काम तिथेच संपले नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावून पाहणी केली आणि २०१९ मधील काही महिन्यांत वाघासह १८ जातींचे वन्यप्राणी त्या मार्गांचा वापर करताना नोंदवले गेले. बांधकामाआधी अट, बांधकामात आराखडा आणि बांधकामानंतर मोजणी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून हे घडले. प्रकल्प थांबवणे आणि जंगल सोडून देणे यांच्यामध्ये तिसरा मार्ग असतो, हे पेंचने दाखवले.

गंगेवरही असा तिसरा मार्ग उपलब्ध होता. बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव या पट्ट्यात १९९१ पासून विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. राष्ट्रीय जलमार्ग त्यातूनही जातो. तिथे अभयारण्य रद्द करण्याऐवजी जहाजांचा वेग ताशी सुमारे पाच किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवण्याची अट घालण्यात आली. अट किती पाळली जाते हा पुढचा प्रश्न, पण ती विचारता तरी येते. काशीत ती विचारण्याचा आधारच काढून घेतला गेला.

निर्णय कोणापुढे झाला?

इथे एका कायदेशीर बदलाची आठवण करून देणे भाग आहे, कारण तो फारसा लक्षात घेतला जात नाही. १९९१ च्या दुरुस्तीनुसार अभयारण्याची सीमा बदलायची तर राज्याच्या विधिमंडळाचा ठराव लागत असे. २००२ च्या दुरुस्तीने त्याऐवजी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आली. तज्ज्ञांकडे निर्णय गेला, तर राज्यातल्या राजकीय दबावापासून जंगल वाचेल, अशी त्यामागची भूमिका होती आणि ती प्रामाणिक होती. प्रत्यक्षात पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील पूर्ण मंडळाची बैठक २०१२ नंतर थेट मार्च २०२५ मध्ये झाली. दरम्यानचे निर्णय स्थायी समितीने घेतले. विधिमंडळात निदान एखाद्या आमदाराने उभे राहून विचारले असते की या सात किलोमीटरमध्ये आज किती कासवे आहेत. समितीच्या इतिवृत्तात असे प्रश्न फारसे उमटत नाहीत. उघड सभागृहातून बंद दालनात गेलेल्या निर्णयाला किमान आपली कारणे लेखी आणि सविस्तर देण्याचे बंधन हवे.

काशीसमोरचे पात्र पूर्ण अभयारण्य राहू शकत नव्हते, हा युक्तिवाद मी क्षणभर मान्य करतो. रोज हजारो माणसे जिथे स्नान करतात, शेकडो नावा चालतात, तिथे जंगलाचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण कायद्यात अभयारण्याच्या खालची एक पायरी आहे. कलम ३६ क नुसार सरकारी मालकीच्या जागेवर संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करता येते. त्यात स्थानिकांशी विचारविनिमय बंधनकारक आहे, व्यवस्थापन समितीत स्थानिक प्रतिनिधी असतात आणि निर्बंध अधिक लवचीक असतात. काशीतले नाविक, घाटांवरचे पुजारी, डोम समाज आणि विद्यापीठातले अभ्यासक यांना एका समितीत बसवण्याची ती संधी होती. सगळे किंवा काहीच नाही, या दोनच पर्यायांत आपण निवड केली.

आता काय करता येईल?

मणिकर्णिकेचे काम थांबवावे, असे मी म्हणत नाही. ते नीट व्हावे, यासाठी पाच गोष्टी करता येतील आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही.

पहिली, रामनगर ते मालवीय पूल या संपूर्ण पट्ट्याचे एकत्रित परिणाम मूल्यमापन व्हावे. २००६ च्या अधिसूचनेनुसार इमारत प्रकल्पांना २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे पर्यावरण मंजुरी लागते. त्याहून लहान कामे त्या चाळणीतून निसटतात आणि दहा लहान कामांचा मिळून होणारा परिणाम कोणीच पाहत नाही. नदीकाठी क्षेत्रफळाची ही मोजपट्टी अपुरी आहे.

दुसरी, २०१६ च्या आदेशाखाली दिलेली प्रत्येक मान्यता, तिच्यातल्या अटी आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम प्रत्यक्ष घाटावर, हिंदीत, ठळक अक्षरांत लावावे. अट ज्याला वाचता येते, तो ती मोडली की बोलतो.

तिसरी, राडारोड्याचा रोजचा हिशेब. किती निघाला, कोणत्या नावेने वा गाडीने गेला, कुठे पडला. पूररेषेखाली एकही ढीग राहता कामा नये आणि पावसाळा तोंडावर येण्याआधी काठ मोकळा झाला पाहिजे. कासवांच्या काही जाती उन्हाळ्यात, तर काही पावसाळ्यानंतर वाळूत अंडी घालतात. पैलतीरावर यंत्रे उतरवण्याचे वेळापत्रक त्यांना विचारात घेऊन आखावे.

चौथी, कासवे आणि डॉल्फिन यांची स्वतंत्र संस्थेकडून मोजणी, कामाआधी, काम चालू असताना आणि नंतरची किमान तीन वर्षे. तिचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा. मोजणीअभावी एक अभयारण्य गेले, याची पुनरावृत्ती नको.

पाचवी, हा पट्टा संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित करण्याचा प्रस्ताव उत्तर प्रदेश शासनाने विचारात घ्यावा. विकासकामांना त्याने खीळ बसणार नाही. त्यांची जबाबदारी मात्र निश्चित होईल.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी या प्रश्नात लक्ष का घालावे, असे कोणी विचारील. अहिल्याबाईंच्या वारशाविषयी आपण जानेवारीत जो आवाज उठवला, त्यातच याचे उत्तर आहे. अहिल्याबाईंनी घाट बांधले, तसेच विहिरी, बारवा आणि धर्मशाळाही बांधल्या. पाण्यापर्यंत माणसाला सुखाने पोहोचता यावे, हे त्या सगळ्या बांधकामांचे प्रयोजन होते. पायऱ्या जपायच्या आणि त्या ज्या नदीपर्यंत नेतात तिची चौकशी करायची नाही, ही त्या वारशाची अर्धीच जपणूक झाली. मूर्ती पुन्हा बसवल्या गेल्या का, हे आपण जरूर विचारू. त्याच अर्जात आणखी एक ओळ घालावी : या घाटासमोरच्या पाण्यात आज किती कासवे आहेत आणि काम संपल्यावर ती किती उरतील, हे कोण मोजणार आहे?

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)